बहादूर आमच्या सोसायटीत आला तर...

तुमचा पहिलावहिला हीरो कोण? हा प्रश्न ऑफिसच्या कँटीनमध्ये नुसता टाकून बघा. अर्धा तास टाइमपास गॅरंटीड! कुणी शक्तिमान म्हणेल, कुणी हॅरी पॉटर, एखादा नागराजचा डाय-हार्ड फॅन निघेल. कोपऱ्यातली एखादी हळूच 'फास्टर फेणे' म्हणेल आणि तिच्याशी आपली लगेच दोस्ती होईल. मी मात्र 'बहादूर' असं म्हटलं की टेबलावर शांतता पसरते. एकदा एकाने विचारलंही, "कोण, तो नाईट ड्युटीचा वॉचमन?" सगळे हसले. जोक तसा फालतूच होता, पण या लेखाच्या शेवटाकडे मला तो पुन्हा आठवणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

तर बहादूर म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा बहादूर. केशरी कुर्ता, खाली जीन्स, डोळ्यांत जाळ आणि राहायला जयगढ. आता जयगढ नावाचा किल्ला जयपूरला आहे आणि आपला जयगड रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठी. बहादूरचं जयगढ मात्र कुठल्याच नकाशात नाही. लहानपणी मला ते मान्य नव्हतं. मी ते गाडीच्या खिडकीतून शोधलंय!

झेलम एक्स्प्रेस आणि मामाची ट्रंक

माझं आजोळ ग्वाल्हेर. "तिकडे मराठी माणसं?" असं पुण्यात हमखास विचारतात. अहो, शिंद्यांचं संस्थान होतं ते! दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला, त्या भागाला आजही लश्करच म्हणतात. तिथली मराठी ऐकायला फार गोड. तिच्यात हिंदी अशी काही मिसळलेली असते की कोणता शब्द कुणाचा, हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. दर मे महिन्यात आई आणि मी झेलम एक्स्प्रेस पकडायचो. संध्याकाळी पुण्यातून निघालं की दुसऱ्या दिवशीची जवळजवळ संध्याकाळच व्हायची. उतरल्यावर गरम हवेचा झोत, टांग्यातून घर, आणि घरात मामाची पत्र्याची ट्रंक.

त्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्स होती. टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. मध्ये ८००हून जास्त अंक निघाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली... बऱ्याच भाषांत निघायची ती. मी जन्मले १९९० नंतर, त्यामुळे मला जे मिळालं ते सगळं सेकंडहँड. मामाची बरीचशी कॉमिक्स हिंदी, काही मराठी. माझी हिंदी सुधारली ती शाळेत नाही, त्या ट्रंकेजवळच्या थंड फरशीवर पालथं पडून.

मामाचे नियम कडक होते. "आंबा खाऊन किताबांना हात नको लावू, पन्ने चिपकतात." "एका वेळी एकच काढायची." आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे, "आधी वेताळ वाच, मग मँड्रेक, बहादूर शेवटी. आधीच बहादूर वाचलंस तर बाकीचं फीकं लागेल."

मामाचं बरोबर होतं. वेताळ भारीच होता, पण तो होता कुठला? खोपडीच्या गुहेत राहणारा, परदेशी बापजाद्यांचा, कुठल्यातरी जंगलातला. मोठी झाल्यावर याच्यामागची गंमत कळली. ली फॉकच्या मूळ गोष्टींत वेताळाच्या जंगलाचं नाव 'बेंगाली' होतं आणि समुद्री चाच्यांच्या टोळीचं नाव चक्क 'सिंग'! भारतात छापताना इंद्रजालवाल्यांनी बेंगालीचं 'डेंकाली' केलं आणि सिंगचं 'सिंगा'. म्हणजे आपल्या देशाशी मिळतीजुळती जी काही नावं होती, ती आधी पुसून टाकावी लागली. आठ-नऊ वर्षांच्या मला हे काही ठाऊक नव्हतं. पण वेताळ आपल्या इथला नाही, एवढं कळायचं. बहादूर मात्र आपल्या इथला होता. तो ज्या धुळीतून चालायचा ती धूळ माझ्या चपलेला लागलेली होती.

२००६ च्या सुट्टीत आम्ही ताजमहाल बघायला निघालो. ग्वाल्हेरहून आग्र्याकडे जाताना मुरैना मागे पडलं की जमीन अचानक फाटल्यासारखी दिसायला लागते. मातीचे उंचसखल सुळके, त्यांच्यामधून वाकड्यातिकड्या घळी. तिथे त्याला बीहड म्हणतात. मग पूल येतो आणि खाली चंबळ. मी खिडकीच्या गजाला नाक लावून बसले होते. "मामा, डाकू इथेच असतात ना?" मामाने आवाज खाली आणला, जणू शेजारचे ऐकतील. "इथे डाकू नाही म्हणत बेटा. बागी म्हणतात." डाकू आणि बागी यांत फरक काय, ते त्याने नाही सांगितलं. मी आपली पुढच्या टेकाडामागे जयगढ दिसतंय का, ते बघत राहिले.

कुर्ता, जीन्स आणि नासुद

बहादूर पहिल्यांदा आला डिसेंबर १९७६ मध्ये. निर्माता आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. सुरती म्हणजे 'धर्मयुग'मध्ये वर्षानुवर्षं ढब्बूजी रंगवणारे कार्टूनिस्ट, शिवाय लेखक आणि चित्रकारही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. पुढे जगजीत उप्पल यांनीही बहादूरच्या कथा लिहिल्या.

तारीख जरा लक्षात घ्या. 'शोले' येऊन सव्वा वर्ष झालं होतं. चंबळच्या डाकूंचा विषय पेपरात आणि पडद्यावर, दोन्हीकडे गाजत होता. त्याआधी १९६० मध्ये विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यात पायी फिरले होते आणि काही बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली होती. १९७२ च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौरा गावी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहर सिंग, माधो सिंग यांच्यासारख्या बड्या म्होरक्यांनी आपल्या टोळ्यांसकट आत्मसमर्पण केलं होतं. म्हणजे डाकूही माणूस असतो, तो बदलू शकतो, ही गोष्ट त्या वेळी सगळ्या देशाने नुकतीच पाहिलेली होती. आणि हो, डिसेंबर १९७६ म्हणजे आणीबाणीही चालूच होती.

अशा वेळी सुरतींनी जो हीरो काढला, तो होता डाकूचा मुलगा. बाप भैरव सिंग, नाव काढलं तरी मुलूख थरथर कापायचा. पोलिस अधिकारी विशालच्या गोळीने तो मरतो. पोराच्या डोक्यात एकच गोष्ट, बदला! पण आपला बाप नेमका काय होता हे त्याला हळूहळू कळत जातं, आणि ज्याला मारायचं ठरवलं होतं तो विशालच त्याचा आधार होतो. मग बहादूर गावकऱ्यांना एकत्र करतो आणि उभं राहतं नागरिक सुरक्षा दल. हिंदी अंकांत त्याचा शॉर्टफॉर्म होता 'नासुद'. सोबतीला बेला, लाखन, सुखिया. ना मुखवटा, ना जादू, ना उडता येतं. आपल्याच गावातले लोक, लाठ्या आणि हिंमत.

मला नासुद जाम आवडायचं. ग्वाल्हेरच्या गल्लीतल्या पोरांना जमवून मी नासुदची शाखा काढली होती. मेंबर सहा. कामगिरी एकच, कुल्फीवाल्याच्या गाडीवर नजर ठेवणं. दोन सुट्ट्या हे दल चाललं आणि त्या काळात एकही कुल्फी चोरीला गेली नाही, हे रेकॉर्डवर असू दे!

पार्सल आलं

गेल्या वर्षी मामाने घर विकलं. मुलगा बंगळूरला, गुडघे कुरकुरायला लागलेले, तीन मजली जुनं घर सांभाळायचं कुणी? ट्रंक जागेवरच राहिली, पण आतली कॉमिक्स खोक्यात भरून माझ्या पुण्याच्या पत्त्यावर आली. खोक्यावर मामाच्या अक्षरात लिहिलेलं, 'पन्ने मोडू नये.'

मी हिंजवडीच्या बाजूला चार टॉवरच्या एका सोसायटीत राहते. दोन रूममेट्स, भाड्याचा फ्लॅट. एक आयटीत, एक फिजिओथेरपिस्ट, आणि मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे सोसायटीच्या भाषेत, 'दिवसभर घरीच असते, काय करते कळत नाही.' डेडलाइन टाळायला एखादं निमित्त हवंच असतं. मी खोकं उघडलं आणि त्या वीकेंडला झेपतील तेवढे बहादूर वाचून काढले.

मोठेपणी जुना हीरो भेटणं म्हणजे शाळेतल्या क्रशला फेसबुकवर शोधण्यासारखं असतं. पोटात गोळा येतो. टक्कल पडलं असेल का? भलतंच काही बोलायला लागला असेल का? पण बहादूर बऱ्यापैकी टिकलाय, बुवा. चित्रं अजून झकास वाटतात. घळी, घोडे, जीप, रात्रीचे प्रसंग. वेग असा की चहा गार होतो. कुर्ता आणि जीन्सचं कॉम्बिनेशन तर सुरतींनी आपल्या फॅशनवाल्यांच्या कितीतरी आधी काढलेलं. फॅबइंडियात शिरणाऱ्या प्रत्येकाने त्यांना मनातल्या मनात थँक्यू म्हणायला हवं.

बेलाचं मात्र थोडं वाईट वाटलं. लहानपणी मला बेलाच व्हायचं होतं. ती मारामारीत तरबेज, कुणाला घाबरत नाही. आता वाचताना दिसतं की ती मारते छान, पण प्लॅन बहुतेक वेळा बहादूरचा. तरीसुद्धा एक गोष्ट मानली पाहिजे. ती दोघं लग्न न करता एकमेकांच्या सोबत आहेत आणि जयगढमध्ये कुणी त्यांना "लग्न कधी?" म्हणून छळत नाही. आम्हा तिघींना भाड्याने घर घेताना ब्रोकरने 'मुलगे येणार का घरी' हा प्रश्न चार वेगवेगळ्या पद्धतींनी विचारला होता. जयगढमध्ये वन बीएचके मिळतो का बघायला हवं!

आणि मग होतं नासुद. ते वाचताना पहिल्यासारखं सुसाट वाटेना. काहीतरी टोचत होतं. काय टोचतंय, हे काही आठवड्यांनी कळलं.

नाईट वॉच

दिवाळीत आमच्या सोसायटीत एक फ्लॅट फुटला आणि पार्किंगमधून दोन बाइक गेल्या. मीटिंग झाली. सीसीटीव्ही वाढवायचे ठरले, त्याला वेळ लागणार होता. तोपर्यंत काय? तर एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, 'नाईट वॉच'. रात्री बारा ते पाच, आळीपाळीने चार-चार जण राउंड मारणार. टॉर्च, शिट्ट्या, कुणाकडे क्रिकेटचा स्टंप, कुणाकडे हॉकी स्टिक. मी त्या ग्रुपवर होते. खरं सांगू? मला पहिले काही दिवस भारी वाटलं. एरवी लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालणारी माणसं एकमेकांना नावाने हाक मारायला लागली. थर्मासमधून चहा यायला लागला. अरे, हे तर आपलं नासुद!

जानेवारीतली एक पहाट. पावणेपाच झाले असतील. मी एक कॉपी संपवत जागीच होते. खाली आरडाओरडा ऐकू आला आणि त्याच क्षणी फोन वाजला. ग्रुपवर फोटो. टॉर्चच्या प्रकाशात डोळे मिचकावणारा एक मुलगा आणि खाली तीन शब्द, 'चोर पकडला. बी-विंग.'

मी आणि माझी रूममेट तशाच नाईट सूटमध्ये खाली पळालो. मुलगा असेल अठरा-एकोणीसचा. पाठीला सॅक, फोनची बॅटरी डेड, खिशात ओळखपत्र नाही. मागच्या गेटने आत आलेला. भोवती दहा-बारा माणसं. एक गाल लाल झाला होता, म्हणजे एक थप्पड आधीच बसलेली. त्याला जे विचारत होते त्याचं उत्तर तो देत होता, पण प्रत्येक उत्तराच्या मधेच पुढचा प्रश्न येत होता. "बॅग उघड." "नाव काय?" "पूर्ण नाव सांग." "कुठला तू?" गाव सांगितलं तर कुणीतरी म्हणालं, "तिकडचेच असतात हे." कुणाच्या तरी हातातला स्टंप आता खांद्यावर गेला होता.

तेवढ्यात सी-विंगचे काका आले. रिटायर्ड बँकवाले, माकडटोपी, हातात दुधाची पिशवी आणायची कापडी थैली. आवाज मोठा नाही की काही नाही. "आधी त्याला बसायला खुर्ची द्या," ते वॉचमनला म्हणाले. मग ग्रुपकडे वळून, "११२ ला फोन कुणी केला? कुणीच नाही? मी करतो. पोलिस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आणि तो स्टंप खाली ठेवा, इथे काय मॅच आहे?"

खुर्ची आली. मुलगा बसला आणि सगळं चित्रच बदललं. बसलेल्या माणसाला मारणं अवघड असतं. वॉचमनने पाणी दिलं. पाणी पिऊन त्याला एक अख्खं वाक्य बोलायला मिळालं. त्याचा मावसभाऊ आमच्याकडे दूध टाकतो, त्याला ताप भरलेला, म्हणून आज हा आलाय. क्रेट मागच्या गेटजवळ ठेवलेत, आणि बी-विंगचा जिना कुठला ते तो शोधत होता. कुणीतरी जाऊन बघितलं. क्रेट होते. काकांच्या थैलीत जे दूध जायचं होतं, तेच.

पोलिस आले, खात्री केली, गेले. माणसं जांभया देत वर गेली. ग्रुपवर 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी ओळ उमटली, पण तोपर्यंत फोटो आणखी दोन ग्रुपवर गेलेला होता. मुलाला सॉरी कुणी म्हटलं नाही. काकांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्यासोबत चारही विंग फिरून दूध टाकलं.

तिसरं पान

त्या दिवशी सकाळी मी पुन्हा बहादूर काढला. झोप येणार नव्हतीच. आणि मला टोचणारी गोष्ट सापडली.

कॉमिक्समध्ये खलनायक कोण हे वाचणाऱ्याला माहीत असतं. पहिल्या दोन-तीन पानांतच तो काय करतो ते आपण डोळ्यांनी बघतो. त्यामुळे पुढे नासुदने त्याला गाठलं की टाळ्या वाजवायला आपण मोकळे! माझ्या लहानपणीच्या सगळ्या थ्रिलच्या मुळाशी ही खात्री होती. आमच्या बी-विंगखाली उभ्या असलेल्या दहा-बारा जणांपैकी कुणीच ते तिसरं पान पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने पाहिलंय.

हे फक्त आमच्या सोसायटीचं असतं तर एक किस्सा म्हणून सोडून दिलं असतं. पण १ जुलै २०१८ आठवा. मी तेव्हा मासकॉमला होते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातले ५ जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. १६ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघे असेच गेले. तिथे चोरांची अफवा होती. दोन्हीकडे मारणाऱ्यांना आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत असणार. त्यांच्या मनात ते नासुदच होते.

गावोगावी ग्रामसुरक्षा दलं आहेत, आणि नीट चालवली तर ती पोलिसांच्या उपयोगाला येतात. लोकांनी एकत्र येणं वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला. अशा रात्री पहिला संशय कुणावर जाईल? गावात नव्याने आलेल्यावर. ज्याच्या घराण्याचं नाव आधीच खराब आहे त्याच्यावर. ज्याचा बाप...

म्हणजे बहादूरवर!

विचार करा. भैरव सिंगचा मुलगा, डोळ्यांत जाळ, सूडाची भाषा बोलणारा. रात्री दीड वाजता तो आमच्या मागच्या गेटने आला तर? "नाव काय? पूर्ण नाव सांग. बापाचं नाव?" त्याने खरं सांगितलं असतं तर खुर्ची आली असती का? सुरक्षा दलाचा हीरो म्हणून सुरतींनी जो माणूस निवडला, त्यालाच कुठल्याही सुरक्षा दलाने सगळ्यात आधी पकडलं असतं. ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या नाकासमोर होती.

आणि आपल्या देशात ही गंमतीची बाब नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' कॉलेजात वाचलं असेल तुम्ही. १९८८ चं साहित्य अकादमी मिळालेलं आत्मकथन. चोराचं पोर म्हणून बघितलं जाणं म्हणजे काय, ते त्यात आहे. बहादूर हे त्याच प्रश्नाचं रंगीत, घोडे उधळणारं उत्तर होतं. डाकूचा मुलगा डाकूच होतो का? नाही होत. पण कधी? तर जेव्हा समोरचा विशाल गोळी घालायच्या ऐवजी त्याला जवळ करतो तेव्हा.

मी मामाला फोन लावला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्या इथे बागी का म्हणतात, तू विचारलं होतंस ना गाडीत? डाकू म्हटलं की बात खतम. बागी म्हटलं की कुणीतरी विचारतो, का झाला बागी?"

बेल वाजवणारा माणूस

या गोष्टीचा एक पुढचा भाग आहे आणि तो कॉमिक्समध्ये नाही.

आबिद सुरतींचं लहानपण मुंबईत डोंगरी भागात गेलं. पाण्याच्या एकेका बादलीसाठी होणारी भांडणं त्यांनी तिथे पाहिली होती. २००७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी मीरा रोडला 'ड्रॉप डेड फाउंडेशन' नावाची संस्था सुरू केली. संस्था म्हणजे काय, तर ते स्वतः, एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका. दर रविवारी एक बिल्डिंग गाठायची. आधी सेक्रेटरीची परवानगी घ्यायची, पोस्टर लावायचं. मग एकेका दाराची बेल वाजवून विचारायचं, 'तुमच्याकडे नळ गळतोय का?' गळत असेल तर फुकटात दुरुस्त करून पुढचं दार. थेंब थेंब करून एका नळातून महिन्याला शेकडो लिटर पाणी जातं, ते वाचवायचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. चंबळच्या घळी कुठे आणि मीरा रोडचे वॉशर कुठे! आता हसू येत नाही. नागरिकांचं दल काढणाऱ्या माणसाने म्हातारपणी खरंच एक दल काढलं. तीन माणसांचं. त्यांच्याकडे शिट्टी नाही, स्टंप नाही, पान्हा आहे. ते परवानगी मागून आत येतात आणि आतला माणूस कोण, कुठला, कुणाचा, हे न विचारता त्याचा नळ बसवून देतात. तिथे तिसरं पान लागतच नाही. गळणारा नळ सगळ्यांना दिसतो.

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. भाडेकरूंना मत नसतं, पण बोलायला बंदी नाही. मी तीन गोष्टी मांडल्या. कुणाचाही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. संशय आला तर पहिला फोन ११२ ला. आणि दूध, पेपर, कचरा यांच्या बदली माणसांची नावं आदल्या रात्री गेटवर कळवायची सोय करायची. पहिल्या मुद्द्यावर अर्धा तास वाद झाला. "पुरावा नको का?" असं एकाने विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "कशाचा? तो दूध आणत होता, याचा?" तीनपैकी दोन मुद्दे पास झाले. फोटोचा लटकला. पुढच्या मीटिंगला पुन्हा काढणार आहे, कॉमिक्स सोबत घेऊन जाईन म्हणते.

नाईट वॉच अजून चालू आहे. चहाचा थर्मासही. दूधवाल्याचा तो मावसभाऊ आता रविवारी स्वतःच येतो आणि त्याला बी-विंगचा जिना पाठ झालाय. मागच्या गेटवर वॉचमनच्या केबिनबाहेर काकांनी एक निळी प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवायला लावलीये. रात्री जो कुणी नवा येईल त्याने आधी तिथे बसायचं आणि मग बोलायचं. बसायला बरी आहे. परवा कुरियरची वाट बघत मी वीस मिनिटं बसले होते, मांडीवर बहादूर. पन्ने न मोडता.